दामोदर : वरचे आणि खालचे

रामगढ आणि पानागढ ही दोन नावे फौजेतल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. रामगढला पंजाब आणि शीख रेजिमेंटची केंद्रे आहेत, पानागढला मोठी छावणी आणि हवाई दलाचा तळ. पहिले झारखंडात, दुसरे पश्चिम बंगालमध्ये. माझी पोस्टिंग दोन्हीकडे झाली. मधे काही वर्षे गेली होती, त्यामुळे ही दोन ठिकाणे एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत हे मला नकाशा उघडल्यावरच नीट लक्षात आले. ती नदी म्हणजे दामोदर. रामगढला ती छावणीला लागूनच वाहते, आणि पानागढच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तीच नदी रुंद, वाळूने भरलेली, संथ होऊन भेटते.

दोन्हीकडे लोकांच्या तोंडी या नदीची गोष्ट होती, पण ती एकच गोष्ट नव्हती. रामगढच्या बाजूला बाजारात, चहाच्या टपरीवर ऐकू यायचे, "साहब, जमीन हमारी डूबी, पानी उनको मिला." पानागढला असताना एका पावसाळ्यात पूरमदतीसाठी आमची तुकडी खालच्या अंगाला गेली. बोटीत चढणारी माणसे एकच वाक्य बोलत होती, "ओपोर थेके जोल छेड़ेछे." वरून पाणी सोडले. दोन्ही माणसे आपापल्या जागी खोटे बोलत नव्हती. हे दोघे शेजारी एका मोठ्या योजनेत एकत्र आले होते, स्वतंत्र भारतातल्या अशा पहिल्याच योजनेत. मग दोघांच्याही तोंडी तक्रारच का उरली, ते शोधायला मी वाचायला बसलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी नदीचा स्वभाव. दामोदर छोटानागपूरच्या डोंगरात उगम पावते आणि साडेपाचशे किलोमीटरहून जास्त वाहून हुगळीला मिळते. वरचे खोरे पंख्यासारखे पसरलेले आहे. कोनार, बराकर आणि कित्येक लहान नद्या तिला येऊन मिळतात. जमीन खडकाळ आणि उताराची, पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडणारा. त्यामुळे वर मोठा पाऊस झाला की पाणी थांबत नाही, एकदम खाली येते. खाली बर्दवान, हुगळी, हावड्याच्या सपाट भातशेतीत पात्र मात्र उलट अरुंद होत जाते. चार नळ्यांचे पाणी एकाच नळीत ओतावे तसा हा प्रकार. बंगालमध्ये या नदीला 'बंगालचे दुःख' म्हणत.

इंग्रजांनी यावर उपाय केला तो बांधांचा, आणि त्यातही एक काठ निवडला. डाव्या काठाला बर्दवान शहर, ग्रँड ट्रंक रोड आणि १८५५ मध्ये राणीगंजपर्यंत पोचलेली रेल्वे. ती वाचली पाहिजे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उजव्या काठाचे बांध मैलोगणती काढून टाकले. डावा काठ सुरक्षित झाला आणि पुराचे पाणी उजव्या काठच्या गावांकडे वळले. एकाचे रक्षण दुसऱ्याच्या जिवावर, ही या खोऱ्यातली पहिली 'योजना'.

ती योजनाही जुलै १९४३ मध्ये फसली. डाव्या काठाचा बांध अमीरपूरजवळ फुटला. ग्रँड ट्रंक रोड आणि कलकत्त्याला उत्तर भारताशी जोडणारी मुख्य रेल्वे पाण्याखाली गेली. ते वर्ष आठवा. जपानी फौज ब्रह्मदेशात बसलेली, कलकत्ता हा पूर्व आघाडीचा तळ, आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ सुरू. नदीच्या वरच्या अंगाला त्याच रामगढला ब्रह्मदेशातून माघार घेऊन आलेल्या चिनी सैनिकांना अमेरिकन अधिकारी नव्याने लढाईचे शिक्षण देत होते. आणि खाली एका बांधाच्या भगदाडाने रसद आणि धान्याची वाट महिनोन्महिने विस्कळीत झाली. पूर ही फक्त बर्दवानच्या शेतकऱ्याची डोकेदुखी नाही, हे सरकारला तेव्हा कळले. आपल्याकडे म्हणतात तसे, घोंगडे भिजल्यावर जड झाले.

बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बर्दवानचे महाराजा, आणि सदस्यांत भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. साहा १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात मदतकार्यात उतरले होते आणि पुढे 'सायन्स अँड कल्चर' या मासिकातून नद्यांचा प्रश्न सतत मांडत होते. समितीचे म्हणणे असे की बांध उंच करत बसून भागणार नाही. पाणी वरच अडवावे लागेल आणि सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करावा लागेल. डोळ्यांसमोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. तिथे १९३३ पासून एकच प्राधिकरण अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीचा कारभार पाहत होते. तिथलेच अभियंता डब्ल्यू. एल. वुर्डुइन यांना भारतात बोलावले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी प्राथमिक आराखडा दिला. आठ धरणे, खाली एक बंधारा, सुमारे ५५ कोटी रुपये खर्च. हिशेब असा होता की सेकंदाला दहा लाख घनफूट, म्हणजे दहा लाख क्युसेकचा महापूर आला तरी खाली अडीच लाखांपेक्षा जास्त सोडायचे नाही. शिवाय सिंचन, वीज आणि जलवाहतूक.

कागदावर हे सुंदर होते. अडचण अशी की पूर बंगालमध्ये आणि धरणांच्या जागा बिहारमध्ये. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाणी हा प्रांतांचा विषय. बिहारला दामोदरच्या पुराचा फारसा त्रास नव्हता. मग त्याने आपली जमीन का बुडवू द्यावी?

इथे या गोष्टीत एक मराठी माणूस येतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि सिंचन व वीज हे विषय त्याच खात्यात येत. महूच्या छावणीत जन्मलेल्या या सुभेदाराच्या मुलाचे हे काम आपल्या मराठी घरांतही फारसे बोलले जात नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्यांनी तिथे मांडलेला मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. रेल्वे प्रांतांच्या सीमा ओलांडते म्हणून ती केंद्राकडे ठेवली. नदीही सीमा ओलांडते, तरी ती प्रांतांकडे दिली, ही चूक आहे असे त्यांचे म्हणणे. त्याचा परिणामही त्यांनी उदाहरणाने सांगितला. एका प्रांताला विजेची गरज असते, पण धरण बांधण्याजोगी जागा शेजारच्या प्रांतात असते. त्या शेजाऱ्याला विजेची गरज नसते, बांधायला पैसा नसतो, आणि तो दुसऱ्यालाही बांधू देत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी अशी लावून धरली की पूर अडवणे एवढेच उद्दिष्ट ठेवू नका. सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र धरलीत तरच योजना सगळ्यांची होईल. यातली व्यवहारी नजर पाहा. नुसता पूर अडवायचा म्हटले तर बिहारच्या पदरात काहीच पडत नव्हते; वीज आणि पाणी आले की त्यालाही बसायला जागा मिळत होती.

ऑगस्ट १९४५ मध्ये पुन्हा परिषद झाली आणि गाडी पुढे सरकली. मग १९४७ उजाडले. बंगालचे दोन तुकडे झाले, कलकत्त्याने दंगली पाहिल्या, निर्वासितांचे लोंढे सुरू झाले. अशा काळात एखादी नदीयोजना सहज अडगळीत पडली असती. ती पडली नाही. तेव्हा केंद्रात या खात्याचे मंत्री होते पुण्याचे काकासाहेब गाडगीळ. दोन्ही प्रांतांच्या संमतीने १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. मालक तीन : केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल.

कायद्यातला खर्चाच्या वाटणीचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. विजेवरचा भांडवली खर्च तिघांत समान. सिंचनाचा खर्च दोन प्रांतांनी, जो जितके पाणी घेईल त्या प्रमाणात. पूरनियंत्रणाचा खर्च चौदा कोटींपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा-निम्मा, आणि त्यावर गेला तर सगळा पश्चिम बंगालचा. पुराचा त्रास ज्याला त्याने त्याचे पैसे द्यायचे, बिहारवर त्याचा बोजा नाही. रुपयांचा हिशेब म्हणून यात खोट काढता येत नाही. बिहार जे देणार होता ते मात्र रुपयांत नव्हते. ती जमीन होती.

सुरुवातीची काही वर्षे कामाचा झपाटा असा होता की वाचून छाती भरून येते. १९५३ मध्ये तिलैया धरण आणि बोकारोचे औष्णिक वीज केंद्र, १९५५ मध्ये कोनार आणि दुर्गापूरचा बंधारा, १९५७ मध्ये मैथन, १९५९ मध्ये पंचेत. कोळशाच्या खाणींना, कारखान्यांना, पुढे रेल्वेला वीज मिळाली. बर्दवान, बांकुडा, हुगळीच्या शेतात कालवे गेले. हजारीबागला मृदसंधारणाचे काम सुरू झाले, कारण वरची माती थांबली नाही तर धरणे गाळाने भरतील हे तेव्हाही माहीत होते. तिलैयाच्या जलाशयाजवळ १९६३ मध्ये सैनिक स्कूल उभे राहिले. तिथून निघालेले अधिकारी वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील.

याच काळात एक अवघड परीक्षाही पार पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत पुरुलिया बिहारमधून पश्चिम बंगालमध्ये गेले. पंचेतचे काम चालू असताना त्याच्या दक्षिणेकडची बाजू दुसऱ्या राज्याची झाली. सीमावाद म्हणजे काय असतो ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही धरणाचे काम थांबले नाही, कारण ते ना या राज्याचे होते ना त्या, महामंडळाचे होते.

आता दुसरी बाजू. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेतच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले. त्यांनी कळ दाबण्याचा मान धरणावर काम करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ तरुणीला दिला. फोटो देशभर छापले गेले. त्याच समारंभात तिने नेहरूंचे स्वागत केले होते, हार घातला होता. संथाळ रिवाजात याचा अर्थ लग्न झाले असा लावला गेला आणि तिला समाजाबाहेर ठेवण्यात आले. पुढे धरणावरची नोकरीही गेली. ती परत मिळायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. २०२३ मध्ये बुधनी वारल्या. ज्या समाजाची जमीन पाण्याखाली गेली त्याला एका दिवसाचा मान मिळाला. योजना आखणाऱ्या टेबलाभोवती मात्र त्याची खुर्ची कधीच नव्हती. करार बिहार आणि बंगाल यांच्यात झाला. मैथन-पंचेतच्या बुडीत गावांशी झाला नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ असे महामंडळाने म्हटले होते, पण पुष्कळांच्या हाती अखेर रोख रक्कम आली, आणि रोख रक्कम शेतकऱ्याच्या घरात किती दिवस टिकते ते आपण गावोगावी पाहिले आहे.

ही नाराजी हवेत विरून गेली नाही. तिने योजनेचा आकारच बदलला. आठ धरणांपैकी महामंडळाची चारच झाली. वरच्या राज्याला आणखी गावे बुडवायची नव्हती आणि खालच्याला आणखी पैसे घालायचे नव्हते. जी झाली त्यांतही जमीन पूर्ण हाती आली नाही. मैथन ५०० फूट पातळीपर्यंत भरता येईल असे बांधले, पण जमीन ४९५ फुटांपर्यंतचीच ताब्यात आली. पंचेत ४४५ फुटांचे, जमीन ४२५ फुटांपर्यंतची. म्हणजे भिंत उभी आहे, पण वरचे वीस फूट पाणी साठवायचे तर लोकांच्या घरात आणि शेतात साठवावे लागेल. पुरासाठी राखलेली जागा तिथेच आटली. पुढे १९७८ मध्ये बिहारने दामोदरवर तेनूघाट धरण पुरे केले, बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी. ते महामंडळाचे नव्हते आणि त्यात पुरासाठी वेगळी जागा ठेवली नव्हती. त्याआधी १९६४ मध्ये दुर्गापूरचा बंधारा आणि कालवे पश्चिम बंगालने आपल्याकडे घेतले होते. एकेक करत दोन्ही शेजाऱ्यांनी आपापले सामान उचलले, आणि महामंडळ मुख्यतः वीज तयार करणारी संस्था होऊन बसले.

धरणांनी काम केले नाही असे मात्र म्हणता येत नाही. सप्टेंबर १९७८ च्या महापुरात धरणांकडे येणारा लोंढा पावणेआठ लाख क्युसेकच्या घरात होता. खाली सोडले ते एक लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास. धरणे नसती तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. तरीही खाली हाहाकार झालाच, कारण धरणांच्या खाली पडलेला पाऊस कोणी अडवलेला नव्हता आणि पात्राची वाहून नेण्याची ताकद कमी झालेली होती. बोटीतल्या माणसाला न आलेला पूर दिसत नाही, आलेलाच दिसतो.

२००० मध्ये झारखंड झाले आणि बिहारच्या खुर्चीवर झारखंडही आले. शेजारी बदलला, भांडण तेच राहिले. जलाशयांतून किती पाणी सोडायचे हे केंद्रीय जल आयोग, दोन्ही राज्ये आणि महामंडळ यांची समिती ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये पूर आला तेव्हा आम्हाला न विचारता पाणी सोडले असे पश्चिम बंगालने म्हटले, केंद्राने ते नाकारले, बंगालच्या प्रतिनिधींनी राजीनामे दिले, आणि झारखंडच्या सीमेवर मालट्रक अडवले गेले. सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना ही भाषा ओळखीची वाटेल.

यावरून 'अशा योजना आपल्याकडे चालत नाहीत' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. फाळणीच्या धामधुमीत जे दोन शेजारी एका कायद्यावर आले, ज्यांनी अकरा वर्षांत चार धरणे उभी केली, त्यांना एकत्र काम जमत नव्हते असे कसे म्हणायचे? जमत होते. त्यांनी खर्चाचा आणि फायद्याचा हिशेब केला, आणि तो चालला. तोट्याचा हिशेब मात्र नुकसानभरपाई देऊन मिटला असे समजले, आणि योजना तिथेच अडली. ज्याची जमीन गेली त्याला दरवर्षीच्या पाण्यात, विजेत, निर्णयात वाटा असता, तर पाचव्या धरणाच्या वेळी तो आडवा उभा राहिला नसता.

फौजेत एक साधा नियम आहे. डिफेन्समध्ये दोन युनिटांच्या मधली बाउंड्री ही सगळ्यात कच्ची जागा. शत्रू तिथूनच घुसतो, कारण दोघांनाही वाटते की ती जागा दुसरा बघतोय. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहितात की अमुक नाला, अमुक वाट कोणाकडे 'इन्क्लुझिव्ह' आहे. शिवाय दोन्ही युनिटांचे कमांडर त्या जागेवर प्रत्यक्ष भेटतात आणि पायी फिरून पाहतात. फक्त नकाशावर रेघ मारून भागत नाही. १९४८ च्या कायद्याने दामोदरची बाउंड्री महामंडळाच्या ताब्यात दिली होती. नंतर दोघांनी ती हळूहळू काढून घेतली आणि मधली जागा पुन्हा कोणाचीच राहिली नाही.

देशाने १९५६ मध्ये आंतरराज्य नद्यांसाठी नदी मंडळ कायदा केला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. नद्यांच्या भांडणासाठी लवाद मात्र अनेक बसले. भांडण झाल्यावर निवाडा करायची सोय आपण ठेवली. भांडणाआधी एकत्र बसायची सोय दामोदरने दाखवली होती, ती पुढे नेली नाही. रामगढचा चहावाला आणि बोटीतला तो माणूस कधी एकमेकांना भेटले असण्याची शक्यता नाही. नदीचे पाणी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला फार वेळ घेत नाही. त्या दोघांनी एकमेकांचे म्हणणे ऐकायची व्यवस्था झाली असती, तर पंचेतच्या वरच्या त्या वीस फुटांचा प्रश्न कदाचित तेव्हाच सुटला असता.